खरी ‘४५४ एसएस’ की साध्या पिकअपवर चढवलेला साज? जाणकारांची मदत हवी आहे

नोव्हीकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी मूळचा चिंचवडचा, आता डेट्रॉइटजवळ नोव्हीत असतो. अमेरिकेत आलो त्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक काळीकुट्ट पिकअप उभी असायची. दोनच दारं, आखूड हौदा, पुढची जाळी सगळी काळी आणि तिच्या मधोमध शेव्हरोलेचं चिन्ह, लाल बो-टाय. हौद्याच्या बाजूला ‘४५४ एसएस’. संध्याकाळी मालक ती सुरू करायचा तेव्हा आमच्या खिडकीची काच हलकीशी थरथरायची. मी टाटा ४०७ बघत वाढलेला. पिकअप म्हणजे भाजीचे क्रेट आणि सिमेंटच्या गोण्या, एवढीच माझी कल्पना. माल वाहायची गाडी कारखान्यातूनच अशी पळायला सज्ज होऊन बाहेर पडते, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेव्हरोलेने ही गाडी १९९० ते १९९३ अशी चार वर्षं काढली. सी-१५०० ही त्यांची अर्ध्या टनाची पिकअप. तिच्या सिंगल कॅब आणि आखूड हौद्याच्या मॉडेलमध्ये त्यांनी ७.४ लिटरचं बिग ब्लॉक इंजिन बसवलं. हे इंजिन एरवी जड ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकांत असायचं. ४५४ हे त्याचं घन इंचातलं माप, एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’. पहिल्या वर्षी १३,७४८ गाड्या बनल्या. नंतर आकडा एकदम खाली आला: ९८३, मग १,३७९ आणि शेवटच्या वर्षी ८४३. पहिली दोन वर्षं फक्त काळा रंग होता, १९९२ पासून लाल आणि पांढराही मिळू लागला.

आता मुद्द्यावर येतो. ओहायोत एक १९९० ची विकायला आहे. फोटोत सगळं जागच्या जागी दिसतंय: काळा रंग, आत मरून लाल कापडाच्या सीट, क्रोमची चाकं, स्टिकर. बोनेटखाली ४५४ आहे हेही फोटोत दिसतं. मालक मागतोय ती किंमत साध्या सी-१५०० च्या दुपटीहून जास्त आहे. शनिवारी बघायला जायचंय. तिथे गेल्यावर मी नेमकं काय तपासू?

डिझेलचा_धूर

वाचतोय. एक भाबडा प्रश्न विचारतो. इंजिन खरोखरच ४५४ असेल, तर गाडी खरी झाली ना? अजून काय बघायचं उरतं?

रानवाट

धूर, प्रश्न भाबडा नाही. लोक फसतात ते नेमके इथेच.

मी सॅन अँटोनिओला असतो. माझ्याकडे १९९१ ची ४५४ एसएस आहे, सात वर्षं झाली. या गाडीचं बोनेट उघडून बघा, आत इतकी जागा आहे की साध्या ५.७ लिटरच्या पिकअपमध्ये ४५४ बसवायला कुणाही बऱ्या मेकॅनिकला अडचण येत नाही. भंगारात निघालेल्या मोठ्या ट्रकचं इंजिन मिळतं. स्टिकर, जाळी, लाल बो-टाय नवे विकत मिळतात. सीटवर मरून कापड चढवून मिळतं. म्हणजे नोव्हीकर, तुम्ही फोटोत जे जे बघून खूश झालात, त्यातलं सगळं पैसे टाकून आणता येतं. विकत आणता येत नाही ते आधी बघायचं.

पहिलं म्हणजे व्हीआयएन, सतरा अक्षर-अंकांचा गाडीचा नंबर. ड्रायव्हरच्या बाजूने विंडशील्डमधून खाली डॅशबोर्डवर बघितलं की धातूची पट्टी दिसते. खऱ्या ४५४ एसएसचा नंबर ‘१जीसीडीसी१४एन’ असा सुरू होतो. यातलं आठवं अक्षर इंजिनाचं. ‘एन’ म्हणजे कारखान्यात ७.४ लिटरचं बिग ब्लॉक बसलं होतं. तिथे ‘के’ असेल तर गाडी ५.७ लिटर घेऊन जन्मली. मग आज बोनेटखाली काहीही असो, ती एसएस नाही.

इथे एक चकवा आहे, तो नीट समजून घ्या. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं: १९९० ला ‘एल’, १९९१ ला ‘एम’, १९९२ ला ‘एन’, १९९३ ला ‘पी’. म्हणजे १९९२ सालच्या कुठल्याही साध्या पिकअपच्या नंबरातही ‘एन’ असतोच, फक्त दहाव्या जागी. एका विक्रेत्याने मला तो ‘एन’ बोट ठेवून दाखवला होता. मुद्दाम की अजाणता, देव जाणे. डावीकडून एकेक अक्षर मोजत आठव्यावर या, घाई करू नका.

दुसरं, ग्लोव्ह बॉक्स. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचं एक लेबल असतं. त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड ओळीने छापलेले असतात. गाडीत कारखान्याने जे जे बसवलं त्याची ही यादी. १९९० च्या गाडीत हे सापडले पाहिजेत:

बी४यू – हेच ४५४ एसएसचं पॅकेज
एल१९ – ७.४ लिटर इंजिन
एम४० – तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० ऑटोमॅटिक
जीटी४ – ३.७३ गुणोत्तराचा मागचा ॲक्सल

लेबलवर व्हीआयएनही छापलेला असतो. तो डॅशवरच्या पट्टीशी आणि दाराच्या स्टिकरशी अक्षर-अक्षर जुळवा. दुसऱ्या गाडीचं ग्लोव्ह बॉक्सचं झाकण काढून बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

वडाची_पारंबी

उत्तम माहिती. शेव्हरोलेच्या गाड्यांतलं मला काही कळत नाही, पण एक शंका आहे. रानवाट, तुमची १९९१ ची आहे म्हणता, तिच्या लेबलवर हेच कोड आहेत का?

रानवाट

नाहीत. बरं झालं विचारलंत. १९९१ मध्ये गाडी बदलली. पहिल्या वर्षी २३० अश्वशक्ती होती, ती २५५ झाली. तीन गिअरच्या जागी चार गिअरचा ४एल८०-ई आला, म्हणजे कोड एमटी१. मागचा ॲक्सल ४.१० चा झाला, कोड जीटी५. त्यामुळे १९९० ची गाडी चार गिअरची निघाली किंवा १९९१ ची तीन गिअरची निघाली, तर थांबा आणि कारण विचारा. गिअरबॉक्स नंतर बदललेला असू शकतो, त्याने गाडी खोटी ठरत नाही. पण मालकाला ते माहीत असायला हवं आणि किमतीतही दिसायला हवं.

१९९० साठी एक सोपी युक्ती सांगतो. गाडीखाली टॉर्च घेऊन आडवे व्हा आणि गिअरबॉक्सचं खालचं पॅन बघा. टर्बो ४०० चं पॅन वेडंवाकडं असतं, आमच्याकडचे लोक त्याला टेक्सासचा नकाशा म्हणतात. साध्या ५.७ लिटरमागे जो चार गिअरचा ७००-आर४ असायचा त्याचं पॅन जवळजवळ चौकोनी असतं. इंजिन बदलणारे पुष्कळदा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवतात, कारण दोन्ही इंजिनांना तो जुळतो.

उद्यमनगर

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ आणि बोअरिंग मशीनवर काम केलं, आता मुलगा बघतो. अमेरिकेतल्या या गाड्या मी कधी हातात धरलेल्या नाहीत, पण लोखंड सगळीकडे सारखंच. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आपल्याकडे गाडी नावावर करताना चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल फिरवतात आणि छाप घेतात, आरटीओच्या फॉर्मला तो लावावा लागतो. पुष्कळांना हा नुसता सरकारी सोपस्कार वाटतो. पण तो छाप डोळ्यांना न दिसणारं दाखवतो. नंबर घासून पुन्हा पंच केला असेल तर त्या जागी पत्रा किंचित खोलगट होतो. पेन्सिल तिथे हलकी पडते आणि कागदावर फिकट डाग उमटतो. फायलीचे आडवेतिडवे ओरखडेही उमटतात. अंक एका ओळीत नसतील, एखादा कलला असेल, तर तेही कागदावर लगेच दिसतं. नोव्हीकर, चॅसीवर किंवा इंजिनावर जिथे म्हणून नंबर पंच केलेला सापडेल, तिथला छाप घेऊन या. मऊ पेन्सिल आणि पातळ कागद लागतो, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट ओतीव आकड्यांची. इंजिनाच्या ब्लॉकवर उठावाचे आकडे असतात. ते साच्यातच असतात, वाळूतून ब्लॉक बाहेर येतो तेव्हाच आलेले असतात. त्यांत ओतकामाची तारीखही असते. ही तारीख गाडी जुळवल्याच्या तारखेच्या आधीचीच असली पाहिजे. ब्लॉक ओतायचा, थंड करायचा, मशीनवर चढवायचा, इंजिन जुळवायचं, मग ते गाडीच्या कारखान्यात जाणार. गाडी मार्चची आणि ब्लॉक मेचा, असं कसं होईल? तसं दिसलं तर इंजिन नंतर आलं, एवढं नक्की.

नोव्हीकर

उद्यमनगर काका, पेन्सिलचं माझ्या लक्षातच आलं नसतं. माझे वडील चिंचवडला फिटर होते. त्यांच्या खिशात कायम एक बुटकी पेन्सिल असायची. हे वाचताना तीच डोळ्यांसमोर आली. शनिवारी घेऊन जातो.

रानवाट, तुमचं सगळं छापून घेतलंय.

नवी_वाट

पेनसिल्व्हेनियातून लिहितेय. आमच्याजवळ कार्लाइलला जुन्या गाड्यांचे मोठे मेळे भरतात. दरवर्षी नवऱ्याबरोबर जाता जाता मलाच गोडी लागली. माझा जीव डॉजच्या ‘लिल रेड एक्सप्रेस’वर आहे, म्हणून धागा थोडा जुन्या काळात नेते. नकलांचा विषय निघाला की या गाडीचं नाव यायलाच हवं.

लाल पिकअप, हौद्याला बाहेरून ओक लाकडाच्या फळ्या, दारावर सोनेरी अक्षरं आणि कॅबच्या मागे दोन्ही बाजूंना उभे क्रोमचे सायलेन्सर, मोठ्या ट्रेलर-ट्रकला असतात तसे. १९७८ मध्ये २,१८८ आणि १९७९ मध्ये ५,११८ बनल्या. नुसतं रूप बघून ही शोभेची गाडी वाटेल, पण तसं नाही. तो काळ असा होता की प्रदूषणाच्या नियमांनी अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांची ताकद गेली होती. त्या नियमांत एक फट होती. एकूण वजनक्षमता ६,००० पौंडांच्या वर असलेल्या ट्रकला तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा नव्हता. डॉजच्या इंजिनिअरांनी ही पिकअप त्या रेषेच्या जराशी वर ठेवली, पोलीस गाड्यांच्या धाटणीचं ३६० घन इंचाचं व्ही-८ इंजिन बसवलं, चार बॅरलचा कार्बोरेटर दिला, आणि २२५ अश्वशक्ती मिळवली. एका नामांकित मासिकाच्या चाचणीत शून्यापासून ताशी १०० मैल गाठण्यात तिने त्या वर्षीच्या अमेरिकन बनावटीच्या सगळ्या गाड्यांना मागे टाकलं. त्यांत स्पोर्ट्स कारही होत्या.

आता नक्कल कशी होते ते सांगते. डॉजचीच त्याच सुमाराची ‘वॉरलॉक’ नावाची पिकअप होती. तिलाही ओकच्या फळ्या, तिलाही सोनेरी रेघा, आणि ती लालही मिळायची. वॉरलॉकला दोन उभे सायलेन्सर लावले, दारावर अक्षरं चिकटवली, की लांबून लिल रेड तयार. पण वॉरलॉक वेगवेगळ्या इंजिनांत आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्येही मिळायची. लिल रेड मात्र एकाच घडणीची: तेच ३६०, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या चाकांना जोर. म्हणून कुणी ‘दुर्मिळ फोर-व्हील लिल रेड’ किंवा ‘दुर्मिळ मॅन्युअल लिल रेड’ म्हणून दाखवायला लागलं की मी तिथून निघते. ती दुर्मिळ नाही, ती कारखान्यात बनलीच नव्हती.

दोन वर्षांतला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७८ च्या गाडीला दोन गोल हेडलाइट, १९७९ च्या गाडीला चौकोनी, एकावर एक असे चार. १९७९ मध्ये कन्व्हर्टर आला आणि शिशाविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. १९७८ ची कमी बनली म्हणून तिला भाव जास्त, आणि त्यासाठी १९७९ च्या गाडीला पुढून गोल दिव्यांची जाळी बसवलेली मी स्वतः पाहिली आहे. मी खाली वाकून इंधनाच्या टाकीचं तोंड बघितलं. आत शिशाविरहित पेट्रोलच्या बारीक नोझलसाठीची पट्टी तशीच होती.

चाकंसुद्धा बघा. पुढची सात इंच रुंद, मागची आठ. नक्कल करणारा चारही सारखीच आणतो.

कोकणकडा

सुरेख प्रतिसाद, ताई. कॅनडातल्या मिसिसागाहून माझी भर.

फोर्डच्या ‘एफ-१५० एसव्हीटी लाइटनिंग’ची पहिली पिढी, १९९३ ते १९९५. एकूण ११,५६३. तिथेही आठवं अक्षरच बघायचं. लाइटनिंगचं ५.८ लिटर वेगळ्या हेडचं, २४० अश्वशक्तीचं, त्याचं अक्षर ‘आर’. साध्या ५.८ लिटरचं अक्षर ‘एच’. फोर्डवाल्यांचं एक सुख आहे. फोर्डच्या परवान्याने १९६७ पासूनच्या गाड्यांच्या उत्पादन नोंदी बाळगणारी एक संस्था आहे. नंबर कळवला, पैसे भरले की ‘मार्टी रिपोर्ट’ येतो.

जीएमसीच्या १९९१ च्या ‘सायक्लोन’चं उलटं. ४.३ लिटर व्ही-६ ला टर्बो, २८० अश्वशक्ती, सगळ्या काळ्या आणि सगळ्या फोर-व्हील ड्राइव्ह. पण तिचं आठवं अक्षर ‘झेड’, आणि साध्या, टर्बो नसलेल्या ४.३ लाही तेच अक्षर. म्हणजे या एका अक्षराने तिथे काहीच सिद्ध होत नाही.

वडाची_पारंबी

मग ज्या गाडीच्या नंबरात काहीच कळत नाही, तिचं काय करायचं? माझ्या मेहुण्याला ओक्लाहोमात एक १९७० ची एल कॅमिनो एसएस ४५४ दाखवतायत. ती अर्धी कार, अर्धी पिकअप आहे, पण या धाग्यात चालेल असं वाटतं.

रानवाट

चालेल, आणि फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

एल कॅमिनोत १९६८ ची एसएस नंबरावरून सरळ ओळखता येते. त्या एका वर्षी एसएस ३९६ हे स्वतंत्र मॉडेल होतं आणि नंबर ‘१३८८०’ ने सुरू होतो. १९६९ पासून एसएस हे नुसतं पॅकेज झालं. १९७० च्या व्हीआयएनवरून गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं, कुठलं व्ही-८ ते नाही. १९७० चं ‘एलएस६’ ४५४ म्हणजे कागदावर ४५० अश्वशक्ती. त्या गाडीची किंमत साध्या एल कॅमिनोच्या कित्येक पट. त्यामुळे सगळ्यात हुशार नकला याच गाडीच्या आहेत.

तिथे कागदच बघावा लागतो. कारखान्यात गाडी जुळवताना कामगारांसाठी एक बिल्ड शीट फिरायची. ती पुष्कळदा गाडीतच राहून जायची: पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली. तीसपस्तीस वर्षांनी टाकी उतरवल्यावर ती चुरगळलेली, उंदरांनी कुरतडलेली मिळते. अशा फाटक्या कागदाला मी कडक, स्वच्छ, घडी न पडलेल्या कागदापेक्षा जास्त मानतो.

दुसरी जागा इंजिनावरची. बिग ब्लॉकला उजव्या हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते. तिथे तीन अक्षरांचा कोड पंच केलेला असतो. एलएस६ साठी ऑटोमॅटिकला ‘सीआरआर’, मॅन्युअलला ‘सीआरव्ही’. पण हे पुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहे, पंच करणाऱ्यांनाही.

उद्यमनगर

रानवाट, त्या सपाट पट्टीवर मूळ मशीनिंग कशाने झालेलं असायचं? ब्रोचने की मिलिंगने?

रानवाट

ब्रोचने, काका.

उद्यमनगर

मग सोपं आहे. ब्रोच म्हणजे दातांची लांब पट्टी, ती एका दमात सरळ ओढली जाते. तिच्या खुणा बारीक, सरळ आणि एकमेकींना समांतर असतात, पृष्ठभागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुना कोड घालवायचा तर ती पट्टी घासावी लागणार, म्हणजे या रेघा जाणार. नंतर मिलिंग कटर फिरवला तर गोलाकार खुणा पडतात. ग्राइंडर फिरवला तर आरशासारखं गुळगुळीत होतं. सँडपेपरने सरळ रेघा ओढायचा प्रयत्न करणारे आमच्याकडेही भेटतात, पण हाताने ओढलेल्या रेघा कुठे खोल, कुठे उथळ होतात.

पारंबी ताई, मेहुण्यांना सांगा, ती जागा आधी थिनरने पुसायची, रंग असला तर अलगद काढायचा, आणि बाजूने टॉर्च मारायचा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसणार नाही, तिरका टाकला की रेघा उभ्या राहतात. अक्षरांच्या मधल्या जागेत त्या रेघा तशाच सलग जात असतील तर मूळ पृष्ठभाग शाबूत आहे. मात्र एक सांगून ठेवतो. इंजिनाचं काम करताना हेड बसायची बाजू प्रामाणिकपणेही फेस, म्हणजे मशीनवर सपाट, करावी लागते, आणि त्यात ही पट्टी घासली जाऊ शकते. त्यामुळे रेघा नाहीत म्हणून माणसाला लगेच चोर ठरवू नका. कामाचं बिल आहे का विचारा.

कोकणकडा

काका, दंडवत. हे कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं.

पारंबी, अजून एक. गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल तर नशीब समजा. शेव्हरोलेची मूळ कंपनी जीएम, तिच्या कॅनडा शाखेकडे इथे विकलेल्या जुन्या गाड्यांच्या नोंदी आहेत. आपण सातबाराचा उतारा काढतो तसा पैसे भरून उतारा मिळतो आणि त्यात कारखान्यातून निघतानाचे पर्याय असतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेसाठी अशी सोय नाही.

डिझेलचा_धूर

सगळं वाचून मनात आलं ते विचारतो. गाडी तशीच दिसते, तशीच पळते, आवाजही तोच. मग कारखान्यात बनली की एखाद्याच्या गॅरेजात, याने चालवणाऱ्याला काय फरक पडतो?

नवी_वाट

चालवण्यापुरता नाही पडत. कार्लाइलला एक आजोबा येतात, त्यांनी स्वतः वॉरलॉकची लिल रेड केली आहे आणि काचेवर तसं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात. त्यांच्या गाडीभोवती मी तासभर घालवला आहे. त्यांचं काम मनापासून आवडतं मला.

फरक पडतो तो असा. त्या २,१८८ गाड्या ज्या लोकांनी बनवल्या, त्यांनी नियमांतून वाट काढून काहीतरी वेगळं केलं होतं. त्यातल्या किती उरल्या आणि त्या नेमक्या कशा होत्या, कुठला बोल्ट कुठल्या रंगाचा होता, कुठली फळी कशी बसवली होती, हे आपण उरलेल्या खऱ्या गाड्यांवरूनच शिकतो. नक्कल खरी म्हणून नोंदली गेली की पुढचा माणूस तिच्यावरून शिकतो, आणि चुकीचं शिकतो. मी एका ‘अस्सल’ गाडीचे फोटो बघून आमच्या गाडीच्या फळ्यांचे स्क्रू बदलले होते. वर्षभराने कळलं की ती गाडीच खरी नव्हती. मूळ स्क्रू मी टाकून दिले होते. ते आता परत मिळणार नाहीत.

डिझेलचा_धूर

पटलं. धन्यवाद, ताई.

नोव्हीकर

शनिवारी जाऊन आलो. कालच लिहिणार होतो, पण मन झालं नाही.

गाडी दिसायला फोटोपेक्षाही सुंदर होती. मालक साठीचे, साधे गृहस्थ. त्यांनी आधी कॉफी दिली. मी गाडीला हात लावायच्या आधी विंडशील्डमधून पट्टी बघितली आणि रानवाट म्हणाले तसं बोटावर मोजलं. आठवं अक्षर ‘के’. मला वाटलं मोजण्यात चुकलो. पुन्हा मोजलं. ‘के’च.

तरी चार तास गाडी चालवून आलो होतो, म्हणून सगळं बघितलं. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला लेबल नव्हतं, त्या जागी गोंदाचा पिवळा चौकोन होता. सीट लाल, पण सीटबेल्ट राखाडी. बेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर आतला न वापरलेला भागही राखाडीच, म्हणजे रंग उडाल्याचा प्रश्न नाही. दाराच्या पट्टीजवळ कार्पेटची कड उचलली तर खाली जुन्या राखाडी कार्पेटचा दोन बोटं रुंद तुकडा राहून गेलेला. गाडीखाली आडवा झालो. पॅन चौकोनी.

काका, छाप घ्यायची वेळच आली नाही.

त्यांना कसं सांगावं कळेना. शेवटी पट्टीजवळ नेऊन अक्षर दाखवलं आणि अर्थ सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी आठ वर्षांपूर्वी ती एसएस म्हणूनच, एसएसच्या किमतीला घेतली होती. एकाही मेळ्यात कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, जाहिरात आजच बदलतो. मी घरी पोचेपर्यंत त्यांनी ती बदलली होती. ‘४५४ बसवलेली सी-१५००’ असं सरळ लिहिलं आणि किंमत खाली आणली. कुणाला चालवायला हवी असेल तर इंजिनाचं काम खरंच चांगलं आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देतो.

वडाची_पारंबी

वाचून वाईट वाटलं, त्यांच्यासाठी जास्त.

मेहुण्याने ओक्लाहोमाच्या मालकाला टाकी उतरवून बघू का विचारलं. नाही म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

रानवाट

नोव्हीकर, धीर सोडू नका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची १९९० ची आहे, इथून दोन तासांवर. त्यांना विकायची आहे, पण जाहिरात देत नाहीत. मी त्यांच्याकडून ग्लोव्ह बॉक्सचा फोटो मागवलाय, आला की व्यनि करतो. ऊन फार खाल्लंय गाडीने, डॅशबोर्डला दोन भेगा आहेत आणि बोनेटचा रंग उडालाय. आधीच सांगून ठेवतो.

नोव्हीकर

फोटो मिळाला. लेबलचा खालचा कोपरा फाटलाय, पण कोड वाचता येतात: बी४यू, एल१९, एम४०, जीटी४. डॅशवरची पट्टी आणि दाराचं स्टिकर यांचेही फोटो मागवले, तिन्हीकडे नंबर अक्षर-अक्षर तोच. आठवं ‘एन’, दहावं ‘एल’. आणि सीटबेल्टचा फोटो मी न मागताच आला, बहुतेक रानवाटांनी सांगितलं असावं. ऊन खाऊन फिका पडलाय, पण मरून आहे.

पुढच्या शुक्रवारचं सॅन अँटोनिओचं तिकीट काढलंय. काका, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद बॅगेत टाकलाय. छाप घेतला की त्याचा फोटो इथेच टाकतो, तुम्ही बघून सांगा.